अलॉय ६९० टीटी ट्यूब : तड्यांना पुरून उरते, घासण्याला नाही

अणुवीज केंद्रातला स्टीम जनरेटर (अणुभट्टीच्या गरम पाण्याने वाफ बनवणारं यंत्र) बदलायचा ठरला की त्यातल्या ट्यूबसाठी बहुतेक वेळा अलॉय ६९० टीटी या निकेल मिश्रधातूचंच नाव पुढे येतं. ते योग्यच आहे, पण विक्रेते सांगतात त्याच्या निम्म्याच कारणांसाठी.

जुन्या अलॉय ६०० मध्ये क्रोमियम १४ ते १७ टक्के. ३०० अंश सेल्सिअसच्या वरच्या प्राथमिक पाण्यात (अणुभट्टीतून येऊन ट्यूबच्या आतून वाहणाऱ्या), ताण उरलेल्या जागी त्याला आतून तडे जायचे. २००० साली अमेरिकेतल्या इंडियन पॉइंट २ अणुभट्टीत निकामी झालेली ट्यूब अशीच, लहान त्रिज्येच्या यू-बेंडला (इंग्रजी U सारख्या वळणाला) तडकलेली. ६९० मध्ये क्रोमियम २७ ते ३१ टक्के. शिवाय 'टीटी', म्हणजे सुमारे ७०० अंशांवर काही तासांची उष्णता प्रक्रिया. तिने ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे धातूच्या सूक्ष्म कणांच्या (ग्रेनच्या) सीमेवर, क्रोमियम कार्बाइड बसतं. प्राथमिक बाजूच्या तड्यांपुरते पैकीच्या पैकी गुण.

माल घेताना नुसता क्रोमियमचा आकडा पाहून सही करू नका, मायक्रोग्राफ (सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो) मागा. कार्बाइडचे बारीक ठिपके ग्रेनच्या कडेने माळेसारखे दिसले तर काम नीट झालंय. ते ग्रेनच्या पोटात विखुरलेले असतील तर आधीचं ॲनीलिंग (तापवून मऊ करणं) कमी तापमानाला उरकलंय. मग नंतरची टीटी फारशी उपयोगाची नाही.

आता खोट. उष्णता वाहण्यात ६९० ही ६०० पेक्षा थोडी मागे, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त क्षेत्रफळ लागतं. कॅलिफोर्नियातल्या सान ओनोफ्रे अणुवीज केंद्राच्या नव्या जनरेटरांत ट्यूब ९,३५० वरून ९,७२७ झाल्या. जानेवारी २०१२ मध्ये, वर्ष भरायच्या आत, युनिट ३ ची एक ट्यूब गळली. गंज नव्हताच! वाफेच्या जोरदार प्रवाहात यू-बेंड त्यांच्याच प्रतलात थरथरत होते, आधाराच्या चपट्या पट्ट्या त्या दिशेला धरत नव्हत्या, आणि ट्यूब एकमेकींवर घासत होत्या. दोष आरेखनाचा, मिश्रधातू कितीही भारी असला तरी तिथे उपयोग शून्य.

दुय्यम बाजूला (ट्यूबच्या बाहेर, जिथे वाफ होते) शिसं आलं तर ६९० लाही तडे जातात, म्हणून देखभालीची साधनं, वंगणं, रंग यांतलं शिसं तपासून घ्या. ट्यूबशीटवर (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड पाटावर) साचलेला गाळ लान्सिंगने (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने) काढत राहा. त्याच्याखाली क्षार घट्ट होतात.

तपासणीत एकट्या बॉबिन प्रोबवर (ट्यूबमधून सरकवत नेतात त्या विद्युतचुंबकीय कॉइलवर) विसंबू नका. घासलेली जागा तो छान पकडतो, आडवा परिघीय तडा मात्र त्याच्या नजरेतून सहज निसटतो. ट्यूबशीटच्या तोंडाशी फिरता किंवा ॲरे (अनेक कॉइलचा) प्रोब हवाच. झीज भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत पोचली की प्लग, म्हणजे ती ट्यूब बुजवून बंद करायची, हा रूढ निकष. सुमारे १ मिलिमीटरच्या भिंतीत ती मर्यादा ०.४ मिलिमीटरवरच येते.