परिषदेसाठी प्रस्ताव: कार्यशाळेचा की पोस्टरचा?

तुमच्याकडे निष्कर्ष आहे की कृती? शिक्षकांच्या परिषदेत काही मांडायचं असेल, तर प्रस्तावाचा फॉर्म उघडण्याआधी एवढं ठरवा. वाचनकट्ट्यामुळे सहावीच्या मुलांचा वाचनवेग किती वाढला याचे आकडे हाती असतील, तर पोस्टर, म्हणजे बोर्डावर लावून जवळ उभं राहून समजावायचा छापील तक्ता. तो कट्टा इतर शिक्षकांना आपापल्या शाळेत सुरू करता यावा असं वाटत असेल, तर कार्यशाळा. काम एकच असलं तरी तोच मजकूर दोन्ही फॉर्ममध्ये चिकटवला, की दोन्ही प्रस्ताव पडतात.

कार्यशाळेचा प्रस्ताव बहुधा मिनिटांवर अडतो. तासभर भाषण आणि शेवटी प्रश्नोत्तरं, हा आराखडा परीक्षक लगेच ओळखतात. ९० मिनिटं असतील तर अशी मांडा: ओळख व उद्देश १०, सादरीकरण १५, गटकाम ४०, गटांची मांडणी १५, परतल्यावरची पहिली पायरी १०. चहानंतर लोक उशिराच येतात, म्हणून गटकामातला एक भाग वगळता येईल असा ठेवा. उद्दिष्टं तीनच पुरेत. ‘वाचनाचं महत्त्व समजेल’ हे तपासता येत नाही. ‘आपल्या वर्गासाठी आठ आठवड्यांचं वेळापत्रक तयार करतील’ हे तपासता येतं. ३० जणांचे सहा-सहाचे पाच गट होतात आणि एकट्याला ते सांभाळवत नाहीत, तेव्हा सहसंचालकाचं नाव आधीच घाला. दोघांचं नोंदणीशुल्क कोण भरणार, हेही आयोजकांना विचारून घ्या. जागेबद्दल तर स्पष्टच लिहा. पुण्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांच्या सभागृहांत खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवलेल्या असतात, तिथे गटकाम होत नाही. ‘हलवता येणारी टेबलं हवीत’ हे एक वाक्य तुमची कार्यशाळा वाचवतं.

पोस्टरचा सारांश साधारण २५० ते ३०० शब्दांचा असतो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग पद्धत आणि निष्कर्षाला द्या. ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ असं लिहिलेला सारांश परीक्षक बाजूला ठेवतात, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. माहिती गोळा करणं अजून चालू असेल, तर आजवर किती मुलं तपासली आणि काय दिसलं ते आकड्यांत द्या. मुलांचे फोटो लावायचे असतील तर पालकांची लेखी संमती आताच घ्या.

पोस्टरची खरी कसोटी निवड झाल्यावर लागते. पोस्टरचा ए-झिरो आकार म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर, पण आयोजकांचा बोर्ड उभा आहे की आडवा, हे विचारल्याशिवाय मांडणी सुरू करू नका. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. वेलांट्या-मात्रांमुळे मराठीला दोन ओळींच्या मध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उघडला, की जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. त्यामुळे मूळ फाइल देऊच नका; फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि मोठी छपाई करण्याआधी ए-फोर आकारात एक प्रत काढून वाचा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं, मॅट घ्या. गणेशोत्सवाच्या आणि निवडणुकीच्या आधी शहरातली फ्लेक्सची दुकानं भरलेली असतात. तेव्हा चार-पाच दिवस हाताशी ठेवा.

पोस्टरजवळ तासभर उभं राहून मोजक्या लोकांशी नेमकी चर्चा होते, आणि पहिल्यांदाच प्रस्ताव देणाऱ्याने आमच्या मते इथूनच सुरुवात करावी. पोस्टरना जागाही जास्त असतात. कार्यशाळा मात्र तीच कृती आपल्या गटाबरोबर किमान दोनदा पूर्ण घेऊन पाहिली असेल तरच मागा. काही फॉर्ममध्ये ‘कार्यशाळा नाकारल्यास पोस्टर म्हणून विचार करावा’ असा रकाना असतो. हाती आकडे असतील तरच तिथे खूण करा. नुसत्या कृतीचं पोस्टर बोर्डावर जाहिरातीसारखं दिसतं.