आयईएलटीएस टास्क वनचे रेडीमेड टेम्प्लेट्स : पाच महिने वापरल्यावर

परदेशात शिकायला जाण्यासाठी देतात त्या आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंग पेपरची सुरुवातच चार्टने होते. हाच टास्क वन, म्हणजे चार्टचं वर्णन. बार चार्ट, लाइन ग्राफ, पाय चार्ट, टेबल, कधी नकाशा, नाहीतर एखाद्या प्रक्रियेची आकृती. किमान १५० शब्द लिहायचे आणि त्यासाठी साधारण २० मिनिटं. टास्क टूची, म्हणजे निबंधाची, मला भीती नव्हती, या प्रश्नाची होती. म्हणून एका ऑनलाइन क्लासचा टेम्प्लेट्सचा संच विकत घेतला. प्रत्येक प्रकारच्या चार्टसाठी चार परिच्छेदांचा साचा, वाक्यांच्या तयार सुरुवाती आणि ‘वाढणं-घटणं’ यासाठी शब्दांची लांबलचक यादी, असं त्याचं स्वरूप. पाच महिने वापरला. त्या काळात परीक्षा दोनदा दिली.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. कोऱ्या पानासमोर बसून राहणं पहिल्याच आठवड्यात थांबलं. प्रश्नातलं वाक्य आपल्या शब्दांत फिरवून दोन मिनिटांत प्रस्तावना लिहायची सवय या संचामुळेच लागली, आणि ती फार कामाची आहे. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते तुमचं लेखन म्हणून धरत नाहीत. परिच्छेद पाडायची शिस्तही इथूनच आली.

घोटाळा दुसऱ्या परिच्छेदात होता, म्हणजे ओव्हरव्ह्यूमध्ये, जिथे चार्टमधलं एकूण चित्र थोडक्यात सांगायचं असतं. साच्यातलं वाक्य होतं, ‘ओव्हरऑल, इट इज क्लिअर दॅट देअर वेअर सिग्निफिकंट चेंजेस ओव्हर द पिरियड.’ मी ते शंभर वेळा तरी लिहिलं असेल. हे वाक्य जगातल्या कुठल्याही चार्टखाली चालेल, म्हणजेच समोरच्या चार्टबद्दल ते काहीच सांगत नाही. टास्क वनचे चार निकष असतात आणि चारही सारख्या वजनाचे. त्यातल्या पहिल्या निकषाचं वर्णन सगळ्यांना वाचायला खुलं आहे. गुण बँडमध्ये, म्हणजे नऊपैकी, मिळतात. सातच्या बँडला मुख्य कल, फरक किंवा टप्पे यांचा स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो, आणि पाचच्या बँडचं उत्तर तपशील यांत्रिकपणे मोजत जातं. मी हे चौथ्या महिन्यात वाचलं. पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं, आणि संचात ते पहिल्या पानावर छापायला हवं होतं.

पहिल्या परीक्षेत रायटिंगला ६ आले. निकालात रायटिंगचा एकच बँड मिळतो, टास्क वनचा वेगळा कळत नाही. शिवाय टास्क टूचं वजन दुप्पट असतं. त्यामुळे सगळा दोष चार्टवर टाकत नाही. पण माझी जुनी उत्तरं मी इंग्रजी शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमना दाखवली, तेव्हा त्यांनी चार्ट बघायचाच नाही असं ठरवून कागद-पेन्सिल घेतली आणि माझ्या उत्तरावरून तो काढायला बसल्या. अक्ष आखले, वर्षं लिहिली आणि थांबल्या. कुठली रेघ वर, कुठली खाली, कुठे एकमेकींना छेदतात, यातलं काही माझ्या उत्तरात नव्हतं. आकडे मात्र सोळा होते.

त्यानंतर संच बाजूला ठेवून एक बदल केला. पहिली चार मिनिटं लिहायचंच नाही. एकक काय आहे, हजारात की टक्क्यांत, ते बघायचं. सगळ्यांत मोठं काय, सगळ्यांत जास्त बदललं काय, जागचं हललं नाही ते काय, हे शोधायचं. मग चढणाऱ्या रेघा एका परिच्छेदात, उतरणाऱ्या दुसऱ्यात. प्रत्येक रेघेला वेगळं वाक्य द्यायचं नाही, आणि अर्धेअधिक आकडे सोडून द्यायचे. सोडणं हेच सगळ्यांत अवघड गेलं. साचा भरायला आकडे लागतात, त्यामुळे तो तुम्हाला सोडू देत नाही.

शब्दांच्या यादीबद्दल माझी तक्रार जास्त आहे. ‘राइज’, ‘सर्ज’, ‘स्कायरॉकेट’ एका ओळीत समानार्थी म्हणून दिलेले. १२ वरून १४ वर गेलेल्या रेघेला ‘स्कायरॉकेट’ म्हटलं तर ती सरळ चूक आहे. शेवटी मी यादीतून ‘राइज’, ‘फॉल’, ‘फ्लक्चुएट’, ‘पीक’, ‘रिमेन स्टेबल’ आणि ‘स्लाइटली’, ‘स्टेडिली’, ‘शार्पली’ एवढेच ठेवले. एवढ्यात सगळं भागलं.

आणि ज्याची खरी गरज होती ते यादीत नव्हतंच. मराठीत आपण ‘२० टक्क्यांनी वाढलं’ आणि ‘२० टक्क्यांपर्यंत वाढलं’ यात कधी गल्लत करत नाही. इंग्रजीत तोच फरक ‘बाय’ आणि ‘टू’चा आहे आणि मी सर्रास उलटसुलट लिहीत होते. ‘-नी’ला ‘बाय’, ‘-पर्यंत’ला ‘टू’, अशी जोडी मनात पक्की केल्यावर ती चूक पंधरवड्यात गेली. दुसरी गोष्ट टक्क्यांची. वाटा १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला तर तो पाच पर्सेंटेज पॉइंट्सनी वाढला, ‘पाच टक्क्यांनी’ नाही. टक्क्यांत सांगायचं तर ती वाढ ५० टक्के होते. तिसरी, ‘कार्स इन्क्रीज्ड’ नव्हे, ‘द नंबर ऑफ कार्स इन्क्रीज्ड’. आणि मिलियन म्हणजे दहा लाख, हे माहीत असूनही घाईत शून्यं चुकतात.

कारणं देण्याचा मोहही सोडावा लागतो. रेघ का पडली ते चार्टमध्ये नसेल तर उत्तरातही नको. प्रक्रियेच्या आकृतीला हा संच अजिबात लागू पडत नाही. तिथे वाढणं-घटणं नसतं, टप्पे आणि कर्मणी प्रयोग असतो.

घ्यावा का? इंग्रजीत सलग चार वाक्यं लिहायलाच अडखळत असाल तर पहिल्या महिन्यापुरता घ्या. त्यापुढे असाल तर पैसे वाचवा आणि उत्तरं माणसाकडून तपासून घ्या.

दुसऱ्या परीक्षेत ७ आले. त्याच्या आदल्या आठवड्यात धाकट्या भावाला माझं उत्तर वाचून चार्ट काढायला सांगितलं होतं. दोन रेघा मधोमध एकमेकींना छेदत होत्या. त्याने त्या छेदवल्या, आणि बरोबर त्याच वर्षी.