इक्विनॉक्स ८०० आणि बिनवायरचे हेडफोन : रानात वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं पुराण. मेटल डिटेक्टरला बिनवायरचे हेडफोन लावायचे तर गाणी ऐकायचे लावू नका, मग ते कितीही महागाचे असोत. डिटेक्टरसाठी केलेलेच घ्या. ते परवडत नसतील तर दहा-पंधरा पौंडांचे वायरचे घ्या आणि सुखानं फिरा.

मी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमध्ये राहते. आठवडाभर फार्मसीच्या काउंटरमागे उभी असते आणि सुट्टी मिळाली की ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात मिनलॅब कंपनीचा इक्विनॉक्स ८०० हा मेटल डिटेक्टर घेऊन जाते. माहेर फलटणकडचं, त्यामुळे ढेकळांतून चालायची सवय आहे. सासूबाई इथं आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, लोकांच्या रानात काय हुडकतेस? घरात पडलेली टाचणी तुला सापडत नाही." त्यांना काय सांगणार! या भागात तसलं वेड नवीन नाही. इथल्याच हॉक्सन गावात १९९२ साली एक माणूस शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी डिटेक्टरनं शोधत होता, आणि निघाली रोमन काळातली १४,८६५ नाणी आणि वर सोन्याचे दागिने. हातोडीही सापडली म्हणे, आणि तीसुद्धा ब्रिटिश म्युझियमनंच ठेवून घेतली.

असो. इक्विनॉक्स ८००च्या खोक्यात बिनवायरच्या दोन गोष्टी येतात. एक म्हणजे एमएल ८० नावाचे ब्लूटूथ हेडफोन. दुसरी डब्ल्यूएम ०८ नावाची तळहातात मावणारी डबी. ती खिशाला किंवा कॉलरला अडकवायची आणि तिच्यात आपले कुठलेही साधे वायरवाले हेडफोन खुपसायचे. मशीन ते डबी हा प्रवास हवेतून, डबी ते कान हा वीतभर वायरनं.

आता मुद्द्याचं. गाण्यांच्या हेडफोनांत काय बिघडतं? उशीर. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज मशीनमधून निघून कानात पडेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो, म्हणजे २०० मिलिसेकंद. गाणं ऐकताना हे कळतही नाही, कारण सगळंच गाणं सारखं मागे असतं. पण डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू ओळखणारी चकती, जमिनीवर डावी-उजवीकडे फिरत असते. सेकंदाला साधारण मीटरभर हा आरामाचा वेग. म्हणजे 'टिंग' ऐकू येईपर्यंत कॉइल नाण्याला ओलांडून २० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. उजवीकडे जाताना वाटतं नाणं उजवीकडे आहे, परत येताना वाटतं डावीकडे. दोन्ही खुणांमध्ये हातभर अंतर! माझी कॉइल ११ इंचांची, म्हणजे २८ सेंटिमीटर. चूक कॉइलपेक्षाही मोठी झाली. डब केलेल्या सिनेमात ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो, तसला प्रकार. फरक एवढाच की इथं त्या हिशेबानं खड्डा खणायचा असतो.

खड्डा मोठा झाला की शेतकरी चिडतो, आणि चिडला की परवानगी गेली. गवताच्या कुरणात तर नीट गोल ढेपूळ कापून, ते उलटून, परत दाबून बसवावं लागतं. जागा वीतभरात पक्की नसेल तर ते जमत नाही. पिनपॉइंटचं, म्हणजे नेमकी जागा दाखवणारं, बटण दाबून कॉइल जवळजवळ स्थिर धरली की उशीर तितका नडत नाही, हे खरं. पण दर सिग्नलला पिनपॉइंट करत बसलं तर दुपारपर्यंत निम्मं रानही होत नाही.

एमएल ८० मध्ये ॲपटेक्स लो लेटन्सी, म्हणजे ब्लूटूथचा उशीर कमी करणारी पद्धत, आहे, तिथं उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. चार सेंटिमीटर. चालतं. डब्ल्यूएम ०८ वाय-स्ट्रीम या मिनलॅबच्या स्वतःच्या बिनवायरच्या पद्धतीवर चालते, तिथं १७ मिलिसेकंद, म्हणजे दोन सेंटिमीटरही नाही. वायरशी फरक मला तरी कळला नाही. एक लक्षात ठेवा: ॲपटेक्स लो लेटन्सी दोन्ही बाजूंना असावी लागते. हेडफोनांत ती नसेल तर जोडणी होते, आवाजही येतो, पण जुन्याच उशिरानं. एअरपॉड्समध्ये ॲपटेक्स मुळातच नाही, त्यामुळे ते मशीनला जोडले गेले म्हणून खूश होऊ नका. खोक्यावर नुसतं 'ॲपटेक्स' लिहिलेलंही पुरेसं नाही. 'लो लेटन्सी' हे शब्द शोधा. हल्ली बाजारात ॲपटेक्स ॲडॅप्टिव्ह या दुसऱ्या प्रकाराचा जोर आहे, त्यामुळे लो लेटन्सीवाले नवीन हेडफोन शोधायला जरा हिंडावं लागतं.

घरातले नॉइज कॅन्सलिंगवाले (नाव घेत नाही, गाण्यांना उत्तम आहेत) मी लावून पाहिले. उशीर होताच, पण दुसरीच गंमत दिसली. थोडा वेळ शांतता गेली की ते डुलकी काढतात आणि पुढच्या आवाजाचा सुरुवातीचा तुकडा गिळतात. मोठ्या, वरच्या सिग्नलला काही होत नाही. खोल गेलेल्या बारक्या नाण्याचा सिग्नल मात्र असतोच केवढा, पापणी लवेपर्यंतचा. तेवढाच गिळला तर उरलं काय? थ्रेशोल्डची, म्हणजे मशीननं मागे सतत करायची, बारीक गुणगुण चालू ठेवली तर ते जागे राहतात. मग दिवसभर कानात भुंगा.

खरा कस लागतो तो शेतघराच्या मागच्या तुकड्यात. तिथं कधीतरी गोठा असावा, कारण जमिनीत खिळेच खिळे आहेत. मशीन सतत घुरघुरतं. लोखंड इक्विनॉक्सच्या पडद्यावर उण्या आकड्यांत दिसतं आणि आवाज खालच्या पट्टीत येतो. चांदी वरच्या पट्टीत. मी रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर लगेच दुसरी ओळखायचा मशीनचा वेग) वाढवून, डबी जॅकेटला लावून, जुने वायरचे हेडफोन घालून अगदी सावकाश कॉइल फिरवत होते. घुर्र, घुर्र, आणि दोन घुरघुरींच्या मध्ये एक अर्धवट 'टी'. एकाच दिशेनं, परत येताना नाही. नव्वद अंशात वळून पुन्हा पाहिलं तर दोन्ही दिशांनी आला. निघाली चांदीची पातळ चकती, कडेला वाकलेली, पहिल्या राणी एलिझाबेथचा चेहरा झिजून गेलेला पण मानेमागचा गुलाब शाबूत. सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनींचं नाणं. राणीमागे गुलाब असलेली ही नाणी १५६१ पासूनची. शेजारीच हाताएवढा खिळा. एमएल ८०वर हा आवाज आला असता का? बहुधा आला असता, पण कोणत्या खिळ्याच्या कुठल्या बाजूला, ते सांगणं अवघड गेलं असतं. म्हणून माझी वाटणी ठरली आहे: मोकळ्या कुरणात एमएल ८०, खिळ्यांच्या रानात डबी.

एमएल ८० कान पूर्ण झाकणारे आहेत. आवाज छान घुमतो, वारा ऐकू येत नाही, थंडीत कान ऊबदार. बायकांसाठी सांगते, कुड्या काढून ठेवा. तासाभरात फिरकी कानामागे टोचायला लागते. चष्म्याच्या काड्याही दाबल्या जातात. ऑगस्टमध्ये कापणी झाल्यावर रान मोकळं होतं, नेमका तेव्हाच हेडफोनांच्या आत घाम साचतो. आणि फिरकीवरून आठवलं: हातातली बांगडीही घरी ठेवा. मूठभर माती कॉइलवरून नेऊन तपासताना बांगडी दर वेळी इतकी सुरेख वाजते की माणूस पाच मिनिटं माती चाळत बसतो. पोलादी टोपणाचे बूट हा तसलाच वैताग.

कान पूर्ण झाकणं मला सगळीकडे पटत नाही. वासरं सोडलेल्या कुरणात गाय मागून येते आणि कळत नाही. मी तिथं एक कान उघडा ठेवते, सरळ हेडफोन तिरके करून. डबीबरोबर एका कानाचा साधा इअरफोन लावला तर तेही काम होतं, हा डबीचा आणखी एक फायदा.

वायरचा त्रास काय, ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. गुडघे टेकून खणायला बसलं की वायर खोऱ्याच्या दांड्यात अडकते, काटेरी झुडपात गुंतते, उठताना मान मागे खेचली जाते. बिनवायरनं मशीन बाजूला ठेवून चार पावलं चालता येतं, हे सुख मोठं आहे.

पाण्याचं मात्र विसरा. इक्विनॉक्स ८०० तीन मीटर पाण्यात चालतो, पण बिनवायरच्या आवाजाच्या रेडिओलहरी पाण्यातून जात नाहीत. कॉइल बुडवून ओढ्याच्या कडेनं चालायला हरकत नाही. कंट्रोल बॉक्स (वरचा पडद्याचा भाग) पाण्याखाली गेला की हेडफोन गप्प. एमएल ८० स्वतः वॉटरप्रूफ नाहीत, तेव्हा सफोकच्या पावसात टोपी वरून ओढून घ्या. आणि सेकंदाला एकदा 'टक, टक' ऐकू आलं तर हेडफोन बदलून घ्यायला दुकानात धावू नका. ते गुरांसाठी लावलेलं विजेचं कुंपण असतं. कॉइल ते पकडते. खिशातला मोबाइल कॉइलजवळ आला तरी अशीच कुरबुर होते.

हे वाचून गावाकडच्या रानात प्रयोग करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल, तर १८७८चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आधी वाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. वर गुप्तधनाची बोंब उठेल ती वेगळीच. इथं इंग्लंडमध्येही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्मारकाच्या जागी डिटेक्टर नेणं गुन्हा आहे, आणि 'ट्रेझर'मध्ये, म्हणजे कायद्यानं खजिना ठरणाऱ्या वस्तूंत, बसणारी वस्तू चौदा दिवसांत कोरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवायची असते. माझं एकटं सिक्सपेन्स त्यात बसत नव्हतं. ते जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्याकडे) नोंदवलं, त्यांनी वजन घेतलं, फोटो काढले.

८०० घेणाऱ्यांना दोन्ही वस्तू खोक्यातच मिळतात, वेगळा खर्च नाही. जुनं मशीन घेत असाल तर डबी सोबत आहे ना ते पैसे देण्याआधी विचारा, विकणारे ती हमखास विसरतात. इक्विनॉक्स ६०० या धाकट्या मशीनबरोबर वायरचे हेडफोन येतात. तेच लावून एक हंगाम काढा, आणि वायर खरंच नडली तर डबीपासून सुरुवात करा. कुठलंही घेतलं तरी वायरचा एक जोड गाडीत पडू द्या. बॅटरी संपते ती नेहमी सिग्नल चांगले यायला लागल्यावरच.