बाराशेचा रेडिओ, सात महिने आणि ७ वाजून १० मिनिटं

रेडिओचं मॉडेल, बँड, आवाज किती मोठा वगैरे दुकानदार सांगतोच, त्यात मी जात नाही. जूनमध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतला. साडेतेराशे सांगितले होते, बाराशेला दिला. सेल वेगळे, तेही मोठे, तीन. घेण्याचं कारण एकच: मिडियम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पुणे. आणि त्यातही सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या.

"बाबा, मोबाइलवर लागतं की," असं चिरंजीव म्हणाले. लावून पाहिलं. इंटरनेटवरून येणारं प्रसारण भिंतीवरच्या घड्याळाच्या अर्धा मिनिट मागे. ज्या घरात रेडिओवर घड्याळ लावत आले, तिथे आता घड्याळ बघून रेडिओची चूक काढायची? नको.

पहिले तीन आठवडे खरखर. साधी नाही, पापड तळल्यासारखी. निवेदिका "मुठा नदीपात्रात" म्हणाली हे कळायचं, पुढचा आकडा खरखरीत. बरं, मी राहतो सिंहगड रस्त्याला. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून इथे 'विसर्ग' हा शब्द व्याकरणातला राहिलेला नाही. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलंय हा आकडा नीट ऐकू येणार नसेल, तर बाराशे रुपये कशाला घातले?

त्यात ॲंटेना बुडापाशी मोडली. सर्व्हिस सेंटरच्या चार खेपा झाल्या. काउंटरवरच्या मुलाचं एकच पालुपद: "काका, ॲंटेना वॉरंटीत येत नाही." मग वॉरंटीत काय येतं? खोकं? शेवटी १८० रुपये मोजून नवी बसवून घेतली. घरी आलो, ७९२ लावलं. पापड तळणं चालूच. त्या रात्री हा अनुभव लिहायला बसलो होतो आणि एक तारा द्यायचा हे ठरलं होतं. तो मजकूर पुसला, त्याचं कारण शेजारचे टेलिफोन खात्यातले निवृत्त काका.

काकांनी रेडिओ हातात घेतला, ॲंटेना पूर्ण मिटवली आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही. "मिडियम वेव्हला ही काठी लागतच नाही हो. आत फेराइटचा दांडा असतो, त्याच्यावर तारेचं वेटोळं, तीच खरी ॲंटेना. काठी एफएमसाठी." म्हणजे माझे १८० गेले ते १०१ मेगाहर्ट्झवर विविध भारती ऐकणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींच्या खात्यात. तिला गाणी स्वच्छ येतात. आनंद आहे.

पुढचं मात्र शिकण्यासारखं. दांडा आत आडवा असतो, त्यामुळे रेडिओच फिरवायचा. दांड्याची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरतो आणि टोक खरखरीच्या उगमाकडे गेलं की खरखर मरते. काका रेडिओ पोटाशी धरून आमच्या घरभर हिंडले, विहिरीला पाणी बघणारे फिरतात तसे. फ्रीजपाशी थोडी कुरकुर. मोबाइलच्या चार्जरपाशी बरीच. आणि पॅसेजमधल्या एलईडी बल्बखाली असा कल्ला, की बातम्याच गायब. बल्ब बंद केला. ७९२ वर शेजारच्या खोलीतून बोलावं इतका स्वच्छ आवाज. स्वस्त बल्बच्या पोटातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत असतं आणि ती घाण मिडियम वेव्हवर सांडते. मी महिनाभर रेडिओला, मग कंपनीला आणि मनातल्या मनात आकाशवाणीलाही शिव्या घालत होतो. दोषी पॅसेजमध्ये लटकत होता.

तेव्हापासून मत बदललं. बातमीपत्र प्रादेशिक म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं, त्यामुळे आपल्या पेठेचं काही येईल ही अपेक्षा ठेवू नये. पण पाऊस, धरणं, पालख्यांचा मुक्काम, घाटात दरड हे सगळं कोणी किंचाळल्याशिवाय कळतं. ऑगस्टमध्ये एका रात्री सोसायटीच्या ग्रुपवर 'पानशेत' असा एकच शब्द आला आणि १२ जुलै १९६१ चा पानशेत धरणफुटीचा पूर पाहिलेल्या आमच्या आईने पिशवी भरायला घेतली. वीज गेलेली, मोबाइल १२ टक्क्यांवर. सकाळी सेलवर रेडिओ लावला आणि साध्या सपाट आवाजात विसर्गाचा आकडा आला. आईने पिशवीतली औषधं परत फळीवर ठेवली. जून २०२३ मध्ये या बातम्या देणारा आकाशवाणीचा पुण्यातला वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं होतं. ओरड झाली, निर्णयाला स्थगिती मिळाली. तेव्हा मीही "आता रेडिओ ऐकतं कोण" म्हणणाऱ्यांतलाच होतो, हे कबूल करतो.

हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. १९५५ ला गीतरामायण इथूनच दर आठवड्याला घरोघरी गेलं, व्यंकटेश माडगूळकर इथल्याच ग्रामीण कार्यक्रमांत होते, हे आई रोज सांगते, मी हूं म्हणतो.

रेडिओची खरी मजा घराबाहेर आहे. रविवारी सिंहगडाला नेतो. आतकरवाडीहून चढायला लागलं, विजेच्या तारा मागे पडल्या, की ७९२ असं लागतं की सुईसुद्धा हलवावी लागत नाही. मात्र इअरफोन लावा. मी एकदा मोठ्याने लावला तर चढणाऱ्या एका आजोबांनी "अहो, पक्षी ऐकू द्या की," असं सुनावलं. बरोबर होतं त्यांचं. रात्री वापरायचा असेल तर अपेक्षा कमी ठेवा, अंधार पडला की लांबची स्टेशनं येऊन मिसळतात.

तक्रारी: पट्टा आठवड्यात उसवला, बॅटरीचं झाकण सैल आहे, रबर लावलंय. अडॅप्टरवर लावू नका, हमिंग येतं. सेल अजून पहिलेच आहेत, कारण मी बातम्या संपल्या की बंद करतो. एकाचे चार तारे केलेत, पाचवा सर्व्हिस सेंटरमुळे नाही.

बल्ब बदलावा असं काका म्हणतात. चालू बल्ब कोण फेकतं? तीनाच्या पाकिटातला आहे, उरलेले दोन माळ्यावर आहेत. त्यामुळे रोज ७ वाजून ९ मिनिटांनी स्वयंपाकघरातून हाक येते, "पॅसेजचा दिवा घालवलात का?" आणि मी अंधारात चाचपडत गॅलरीकडे जातो, चहाचा कप सांभाळत.