गाडी घेतली नाही, सीडी घेतली

इंग्रज गायक निक ड्रेकच्या 'पिंक मून' या अल्बमची तबकडी (एलपी) गेल्या दिवाळीत घेतली. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी एका गाडीबद्दल सांगावं लागेल, आणि ती गाडी मी कधी चालवलेलीसुद्धा नाही.

2000 साली जानेवारीत कंपनीनं मला मिशिगनला धाडलं होतं. आमचा माल म्हणजे गाडीच्या दारांना नि काचांना लागणारी रबरी सीलं. दिवसभर ग्राहकाच्या कारखान्यात पाणी कुठून झिरपतंय ते शोधायचं आणि रात्री मोटेलवर कुकरला डाळ-भात लावून टीव्हीसमोर बसायचं. बाहेर गुडघाभर बर्फ. तिथे फोक्सवॅगन कॅब्रिओची जाहिरात लागायची. कापडी छप्पर उघडलेलं, आत चार तरुण पोरं, वर पूर्ण चंद्र. कुणी अवाक्षर बोलत नाही. एका घरी पार्टी चाललेली असते, तिथवर पोचतात, आतला दंगा बघतात, एकमेकांकडे बघतात आणि गाडी रिव्हर्स घेऊन परत रस्त्याला लागतात. बास. अ‍ॅव्हरेज किती, हप्ता किती, काही नाही. नुसती एक गिटार, आणि उशाशी बसून गुणगुणावं तसा एक आवाज.

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ती जाहिरात तद्दन खोटी आहे. छप्पर उघडून गाडी साठ-सत्तरच्या पुढे नेली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे गाणं कुठून येणार? वारा आत येऊ नये म्हणून आमच्यासारख्यांनी हयात घालवायची आणि यांनी तो फुकट आत घ्यायचा! पण भात करपेपर्यंत मी बघत बसलो होतो, हेही खरं.

गायक कोण ते कारखान्यातल्या एकानं सांगितलं. फोक्सवॅगननं जाहिरात आपल्या वेबसाइटवरही ठेवली होती, गाण्याच्या माहितीसकट. त्या शनिवारी जाऊन सीडी घेतली. ऐकून संपली तेव्हा वाटलं, यंत्र बिघडलं. पुरती अठ्ठावीस मिनिटं! अकरा गाणी. शीर्षकगीत तर दोन मिनिटांचं.

पण त्या अठ्ठावीस मिनिटांत पाणी घातलेलं नाही. 1971 च्या ऑक्टोबरात लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत हे ध्वनिमुद्रण झालं. समोर ध्वनिमुद्रक जॉन वुड, बाकी कुणी नाही. आवाज आणि गिटार. शीर्षकगीतात पियानोचे मोजके सूर नंतर भरलेत, तेवढीच काय ती सजावट. गिटार मात्र नीट ऐका. हा पठ्ठ्या तारा नेहमीच्या सुरांत ठेवत नाही, गाण्यागणिक वेगळ्या जुळवतो. आमच्या वाड्यात एक सतारिये राहायचे. राग बदलला की ते अर्धा तास तरफा लावत बसायचे आणि खालचे भाडेकरू वैतागायचे. ते आठवलं.

ड्रेकचा जन्म 1948 चा, रंगूनचा. वडील तिथे 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये इंजिनिअर. म्हणजे आपल्या फोर्टातलीच जुनी कंपनी, जिचं नाव आज ब्रिटानियाच्या बिस्किटांमागे निघतं. पोरगा वाढला इंग्लंडातल्या खेड्यात. हयातीत तीन तबकड्या काढल्या, एकही चालली नाही. 'पिंक मून' 1972 ची, शेवटची. 1974 च्या नोव्हेंबरात, सव्वीस वर्षांचा असताना, औषधाच्या गोळ्या जास्त झाल्यानं गेला. जाहिरात आली 1999 च्या नोव्हेंबरात. मग अमेरिकेत खप कैक पटींनी वाढला. ज्याला दुकानदार फळीवर जागा देत नव्हते, त्याला पंचवीस वर्षांनी एका मोटारवाल्यानं गिऱ्हाईक मिळवून दिलं.

माझी तक्रार वेगळी आहे. गाण्याचे शब्द ऐकलेत तर हा गुलाबी चंद्र काही कोजागिरीचा नव्हे. तो येतोय आणि तुम्हा सगळ्यांना गाठणार आहे, असं ते सांगणं आहे. धमकीच. जाहिरातीनं त्याचं चांदणं केलं. कित्येक वर्षं मीही त्याला प्रेमगीतच समजत होतो, कारण माझ्या डोक्यात ती चार पोरंच होती.

तरी हा सौदा मला स्वस्त वाटतो. त्याच टीव्हीवर शेव्हरोलेच्या ट्रकची जाहिरात दिवसातून दहादा लागायची, बॉब सीगरच्या 'लाइक अ रॉक'वर. सीगर तिथला, डेट्रॉइटचा. 1986 चं चांगलं गाणं; कंपनीनं 1991 पासून 2004 पर्यंत इतकं दामटलं की आज कानावर पडलं तरी मला चिखलातली चाकं दिसतात. फोर्डच्या जाहिरातवाल्यांनी तर कहर केला होता. गायिका बेट मिडलरनं जाहिरातीत गायला नकार दिला, म्हणून तिच्याच मागे कोरसमध्ये गायलेल्या बाईला गाठून हुबेहूब तिच्यासारखं गाऊन घेतलं. मिडलर कोर्टात गेली आणि 1988 साली अपिलात जिंकली. आवाजाचीही चोरी होते, हे कोर्टानं मान्य केलं. ड्रेकला विचारायची सोयच नव्हती. होकार मागे राहिलेल्यांनी दिला.

आता नव्या तबकडीबद्दल. ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत पापडासारखी वाकून आली, बदलून घ्यावी लागली. दुसरी सपाट आहे आणि आवाज सीडीपेक्षा उबदार. तारेवरून सरकणारं बोट ऐकू येतं. पण संगीत इतकं हळू आहे की धुळीचा कण न् कण वाजतो, तेव्हा ब्रश हवाच. वेष्टनावरचं चित्र मोठ्या आकारात बघायला मजा येते. पैसे मोजून अठ्ठावीस मिनिटंच मिळतात, हे ज्यांना टोचेल त्यांनी फोनवर ऐकावं. सकाळी लावू नका. मी लावली तर लेक चहाचा कप घेऊन बाहेर आली नि म्हणाली, "बाबा, कोण गेलं?"

गाडीत ही गाणी ऐकायची असतील तर एक्सप्रेसवे विसरा, टायरच्या घरघरीत काही उरत नाही. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकतो. इंजिन बंद, काचा वर. सीलं आमच्याच कंपनीची असल्यामुळे आत बाहेरचं काही येत नाही. आत्तापर्यंत वॉचमननं दोनदा टॉर्च मारून बघितलंय.