स्टॉकहोममध्ये एकच दुपार: वासा की स्कान्सेन?

दोन्ही संग्रहालयं यूरगोर्डन बेटावरच, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण हातात एकच दुपार असेल, तर मी डोळे झाकून वासा संग्रहालय म्हणेन. १० ऑगस्ट १६२८ला वासा हे युद्धजहाज पहिल्याच सफरीत जेमतेम १,३०० मीटर जाऊन बंदरातच बुडालं. वरचा भाग जड, तळाशी वजन अपुरं. वाऱ्याच्या झोतानं ते कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. १९६१ साली वर काढलं. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ते टिकलं. आत उजेड अंधूक. डोळे सरावले की कोरीव सिंह हळूहळू दिसू लागतात. तिथून पाय निघत नाही. वरच्या मजल्यांवर नक्की चढा, तिथून जहाज वेगळंच दिसतं.

स्कान्सेन हे १८९१चं खुलं संग्रहालय. स्वीडनभरातून आणलेली जुनी घरं, शिवाय अस्वलं आणि रेनडिअर. बरोबर लहान मुलं असतील आणि छान ऊन पडलं असेल, तर मात्र इथेच जा. चढ बराच आहे, आणि घाईघाईत उरकण्यासारखी ही जागा नाही. पाऊस असेल तर प्रश्नच नाही, वासा.