झुलूंचा इविसा की फिजीचा उला?

आज्याच्या ट्रंकेत लाकडी सोटा घावला, तालमीतला दोस्त म्हणाला करेला (व्यायामाला फिरवायचा जड लाकडी सोटा) असंल, पण करेला एवढा बारका नि हलका नसतोय भावा. मग राहिले दोनच, दोन्ही टोकाला गोळा असलेले मारायचे सोटे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या इविसाचा गोळा गुळगुळीत, दांडा लांब नि सडपातळ, काठीसारखा हातात धरून फिरायचं. फिजीचा उला आखूड, कमरेला खोचायचा नि फेकून मारायचा, गोळा बऱ्याचदा मुळाच्या गाठीचा, मुठीवर झिगझॅग नक्षी. आमचा दोन वितीचा, मुठीवर बोटाला लागणारी बारीक नक्षी, मला तरी उलाच वाटतोय. गिरमिटिया (करारावर नेलेले भारतीय) मजूर १८७९ पासनं फिजीला गेले खरं, पण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ मुलखातबी १८६० पासनं जातच होते, त्यावरनं काय ठरत नाही. आई पॉलिशचा डबा घेऊन बसलीय, म्हटलं थांब, तो काळपट थर गेला की पुरावाच गेला.